स्कार्वावरचा उपास

माझी नणंद रोबिना हार्कस दिसायला बुटकी, रुंद, लाल हातांची. डोक्यावर बाराही महिने वडिलांची लोकरी टोपी. हेल्मसे बेटावर तिला सगळे बीनी म्हणत. लग्न केलं नाही. कोणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "आला होता की एक, विचारायला. पण मेला ऑक्टोबरात आला. ऑक्टोबरात मला वेळ कुठे असतो?"

ऑक्टोबरात तिला वेळ नसे, हे मात्र खरं. आमच्या किनाऱ्यासमोर अर्ध्या मैलावर स्कार्वा आहे. झाड नाही, घर नाही, नुसतं गवत आणि मधोमध काळ्या पाण्याची डबकी. चार घरांची सामायिक कुरणं. सप्टेंबर संपताना आम्ही मेंढ्या उतरवून आणतो, आणि पाठोपाठ करड्या सीलच्या माद्या व्यायला वर चढतात. बीनीच्या वडिलांच्या काळात चारही घरांनी हातात हात देऊन ठरवलं होतं, की मेंढ्या उतरल्या की नाताळपर्यंत स्कार्वावर कोणी पाऊल ठेवायचं नाही. कागद केला नाही. शेजाऱ्याकडे कागद मागणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणणं. आमच्याकडे अजून तसंच मानतात.

पाऊल ठेवायचं ते फक्त बीनीनं. आणि पुढे मी.

मी लग्न होऊन आले त्याच वर्षी विद्यापीठातली माणसं आली. आमच्या माळ्यावर राहिली, तीन हिवाळे पिलांची वजनं केली, जवाच्या भाकऱ्यांचा फडशा पाडला आणि गेली. जाताना एक ताणकाटा आणि कॅनव्हासची झोळी विसरून गेली. बीनीनं काटा पुसून खुंटीला टांगला आणि पुढच्या ऑक्टोबरात मला म्हणाली, "आयसा, बूट घाल."

"कशाला? ते लोक गेले ना?"

"तीन वर्षांत काय कळतंय? तीन वर्षांत सासूसुद्धा कळत नाही."

सासूबाई तेव्हा शेगडीजवळच बसल्या होत्या. म्हाताऱ्या हसल्या, म्हणून मीही बूट घातले. त्यानंतर बावीस वर्षं दर तिसऱ्या दिवशी घालत राहिले.

काम एकटीचं नव्हतं. वल्ह्याचं एक टोक तिच्या खांद्यावर, एक माझ्या. मधे ताणकाटा, काट्याला झोळी, झोळीत पिलू. पिलू गोड दिसतं आणि कुत्र्यासारखं चावतं. त्याची आई तर अंगावरच येते. तिला अडवायला बीनी कोंबड्यांच्या जुन्या खुराड्याचं दार ढालीसारखं पुढे धरायची आणि मैत्रिणीला लाडानं म्हणावं तसं 'बडो' म्हणत तिच्याशी बोलायची, "हो गं बडो, हो, तुझंच आहे. आम्हाला काय करायचंय, आमच्या घरी आहे एक खादाड." तो खादाड म्हणजे तिचा भाऊ, माझा नवरा एर्लेंड. आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, खाली दोघींच्या सह्या. सह्यांचा हट्ट तिचाच. एकीनं पाहिलेला आकडा म्हणजे गप्पा, दोघींनी पाहिलेला म्हणजे नोंद, असं ती म्हणायची. मेंढ्यांवर खूण करायचा रंग पिलांच्या पाठीवर लावायचो. आई आहे तोवर निळा आकडा, आई गेली की तोच आकडा लाल.

जन्मतं तेव्हा पिलू चौदा किलोचं, कातडी अंगाला ढगळ, मोठ्या भावाचा कोट घातल्यासारखी. मग ते पितं. दूध कसलं, निम्म्याहून जास्त नुसती चरबीच. रोज जवळजवळ दोन किलो चढतं. अठरा दिवसांत तिपटीहून जास्त. मी बीनीला म्हणायची, "आमच्या एर्लेंडला मी वर्षानुवर्षं खाऊ घालते आहे, कंबरेचा पट्टा अजून त्याच भोकात." या अठरा दिवसांत आई स्वतः एक मासा खात नाही. तिची फुगीर पाठ उतरते, कमरेची हाडं वर येतात. जे जाळते ते स्वतःच्या अंगातलं, आणि तेच दुधातून पिलाच्या अंगावर चढतं. मग एका सकाळी ती समुद्रात जाते ती परत येत नाही.

पहिल्या वर्षी मला रडूच आलं होतं. पिलू दोन दिवस किनाऱ्यावर ओरडत राहिलं. मी खिशातून हेरिंगचा तुकडा काढला, तर बीनीनं माझं मनगट धरलं.

"अजिबात नाही. त्याला मासा काय असतो ते माहीत नाही."

"मग खाणार काय ते?"

"स्वतःला. आईनं अंगावर ठेवून दिलंय ते. तू फक्त गप्प बस आणि बघ."

पिलू गप्प झालं. सरकत सरकत बेटाच्या मधल्या डबक्यांकडे गेलं आणि झोपलं. पांढरी लव गळाली, खाली करडी आली. दिवसाला अर्धा किलो उतरायचं, त्याहून जास्त नाही. महिनाभर ते असं पडून राहतं आणि मग एके दिवशी भुकेनं समुद्रात उतरतं, पोहायला आपलं आपण शिकतं. यात जे काही आहे ते बीनीनं वीस वर्षं बघून बघून मला शिकवलं. पडून राहिलं तर पिलू चरबी जाळतं आणि मांस राखतं. मांस लागतं पोहायला, बुडी मारायला. पळवलं, घाबरवलं, थंड पाण्यात ढकललं, की चरबी भराभरा संपते आणि मग ते मांसाला हात घालतं. तीस किलोच्या वर असताना पाण्यात गेलेलं बहुतेक तरतं. पंचविसाच्या खाली गेलेलं जानेवारीत आमच्याच पश्चिमेच्या वाळूवर येतं, पाठीवर आमचाच लाल आकडा घेऊन.

"उपास म्हणजे काही नसणं नव्हे," बीनी म्हणायची. "उपास म्हणजे शांतता. तेवढीच त्यांना लागते."

आता एर्लेंडबद्दल. माझा नवरा चांगला माणूस आहे असं सगळं बेट म्हणतं, आणि सगळं बेट म्हणतं म्हटल्यावर मी काय बोलणार? आवाज चढवत नाही, दारू बेताची, चर्चमध्ये झोपतो पण घोरत नाही. आमचा एकुलता एक डेवी ॲबर्डीनला जोडारीचं काम करायचा. शाळेत चार मुलं उरली होती. दर वर्षी एखादं घर कुलूप लावून जायचं. मला डेवी परत हवा होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की आयसानं स्वतःला सोवळं ठेवलं.

ऑगस्टमध्ये सॅल्मन पाळणाऱ्या कंपनीचा माणूस आला. प्रेंटिस नाव. बूट इतके स्वच्छ की मला माझ्या फरशीची लाज वाटली. त्यांना खाडीत पिंजरे टाकायचे होते आणि स्कार्वाच्या एकुलत्या एक उताराच्या किनाऱ्यावर धक्का व माशांच्या खाद्याची शेड बांधायची होती. सहा माणसांना काम. त्यानं भिंतीवरच्या वह्या पाहिल्या आणि विचारलं, "हे काय आहे?"

बावीस वर्षांत बीनीला कोणी हे विचारलं नव्हतं. तिनं टोपीसुद्धा काढली. दोन तास बोलली. मी चौथ्यांदा चहा ओतला तेव्हा ती सांगत होती, "आई गेल्यावर महिनाभर पिलू काही म्हणजे काही खात नाही. बाहेरचं काहीच लागत नाही त्याला!" गालांवर लाली आली होती. प्रेंटिस लिहून घेत होता. जाताना एर्लेंडनं शेवटच्या दोन वह्या त्याला वाचायला दिल्या, आणि बीनीनं हो म्हटलं.

सप्टेंबरात चार घरं हेल्मसेच्या जुन्या धक्क्यावरच्या शेडमध्ये जमली. आमच्यात प्रत्येक घराला एक हात. घरात माणसं दहा असोत, हात एकच वर जातो, आणि चारही हात वर गेल्याशिवाय स्कार्वावर दगडसुद्धा हलत नाही. आमच्या घराचा हात बीनीचा, कारण थोरली ती. तिनं हात वर केला, पण अट घालून. "धक्का बांधा. माणसांना काम हवं, मला कळतं. पण काम नाताळनंतर. पिलं पाण्यात गेल्यावर." सगळे हो म्हणाले. घरी आल्यावर एर्लेंडनं टेबलावरून तिच्यासमोर हात पुढे केला. "नाताळपर्यंत स्कार्वावर पाऊल नाही, बीनी. माझा शब्द." दोघांनी हात मिळवला. मी बटाटे सोलत होते. मी पाहिलं.

ऑक्टोबर संपता संपता एर्लेंड गोठ्यात माझ्याजवळ आला. मी धारेला बसले होते, मला उठता येईना, हे त्याला माहीत होतं.

"यंत्रं आणायचा बार्ज त्यांना नोव्हेंबरातच मिळतोय," तो म्हणाला. "नाहीतर ते दुसऱ्या बेटावर जाणार."

"मग बीनीला सांग."

"बीनी नाही म्हणेल."

"मग नाही तर नाही."

"मुकादम मी असणार आहे, आयसा. आणि जोडारी लागणार आहे त्यांना. कायमचा."

मी धार काढत राहिले. मग तो म्हणाला, "बीनीचे डोळे बघितलेस का? दोन वर्षं झाली, काटा तिला दिसत नाही. आकडा तू वाचतेस. तिला शहरात, कर्कवॉलला ने, चष्मा करून आण. बोट आठवड्यातून एकदा जाते, म्हणजे सहा-सात दिवस लागतील. तिच्याच भल्याचं आहे."

डोळ्यांचं खरं होतं. त्यातलं विषही मला दिसलं होतं. केसानं गळा कापायचा तर आधी केस विंचरून द्यावे लागतात, ते काम माझ्याकडे आलं. मी म्हणाले, "बरं."

आमच्याकडे बेट सोडून जाणारा घराचा हात मागे राहणाऱ्याकडे ठेवून जातो. तसं मोठ्यानं म्हणावं लागतं, धक्क्यावर, चार लोकांदेखत. परक्याला हे वेडेपणाचं वाटेल. माणूस दूर असताना मेंढरांचं, बोटीचं, प्रेताचं काहीही निघू शकतं, घर मुकं राहून कसं चालेल? बोटीत चढताना बीनीनं वळून एर्लेंडला हाक मारली, "हात तुझ्याकडे रे!" आणि त्यानं टोपी हलवली. वारा मोकळा होता. बीनी माझ्या कानाशी म्हणाली, "बघ, रडतोय की काय खुळा. आठवड्यासाठी तर चाललोय."

कर्कवॉलमध्ये ती लहान पोरीसारखी खूश होती. चष्मा झाला तेव्हा दुकानाच्या दारात उभं राहून तिनं समोरच्या चर्चच्या मनोऱ्यावरचे दगड मोजले. मला लोकरीचे मोजे घेतले, डेवीला चाकू. "तुझे किती उपकार गं बडो," म्हणाली. "मी आपणहून कधी आले नसते." मी चहात साखर ढवळत बसले. मी साखर घेत नाही.

परतताना बोट स्कार्वाला वळसा घालून येते. बीनी डेकवर उभी होती, नवा चष्मा लावून, पिलं लांबून मोजायला. तिला दिसला तो सपाट बुडाचा बार्ज, किनाऱ्याला लागलेला. पिवळं यंत्र उतार फोडत होतं.

बोट लागताच ती सगळ्यांआधी उतरली. धक्क्यावरून तडक घरी आली. स्वयंपाकघरात एर्लेंड उभा होता आणि टेबलावर प्रेंटिसचा टाइप केलेला कागद होता. तिनं तो चष्म्यातून सावकाश वाचला. त्यात लिहिलं होतं, की बावीस वर्षांच्या स्थानिक निरीक्षणानुसार आई गेल्यानंतर पिलांना महिनाभर बाहेरचं काहीही लागत नाही, सबब वीस नोव्हेंबरनंतर काम सुरू केल्यास पिलांना बाधा नाही. खाली तिचं पूर्ण नाव. रोबिना हार्कस, हेल्मसे.

"पुन्हा बैठक झाली, हात मी वर केला," एर्लेंड म्हणाला. "तू माझ्याकडे ठेवला होतास."

"तू शब्द दिला होतास."

"तूच तर म्हणालीस, त्यांना काही लागत नाही."

बीनीनं त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं ती मारेल त्याला. मारलं असतं तर बरं झालं असतं. "मी शांतता म्हणाले होते," ती म्हणाली. "तेही म्हणाले होते. तू तिथेच बसला होतास, एर्लेंड. त्या खुर्चीत."

"माणसं राहिली नाहीत तर तुझे सील कोण मोजणार? बेट रिकामं झालं की कोण तोलणार त्यांना?" त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "पोरं परत यायला हवीत. चार आठवडे, बीनी! चार आठवड्यांसाठी माझ्या पोराचं आयुष्य?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. ती माझ्याकडे वळली.

"तुला माहीत होतं, आयसा?"

"नाही," मी म्हणाले.

तिनं लगेच मान्य केलं. तेच मला सहन झालं नाही. ती म्हणाली, "तू कशी असशील," आणि माझ्या दंडावर थोपटलं, जणू दगा मलाच झाला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी स्कार्वावर गेलो. कंपनीच्या माणसांनी वाईट काही केलं नव्हतं. पिलाला कोणी दगड मारला नव्हता, एकानं तर आपल्या डब्यातला पाव टाकला होता. पण यंत्र चालू झालं की डबक्यांतली पिलं उठायची, किनाऱ्याकडे पळायची, तिथे माणसं, पुन्हा वर. दिवसातून सहा-सात वेळा. पिलाला पळायला पाय नाहीत, पोटावर उड्या मारत जायचं असतं. आम्ही लाल आकडे शोधून शोधून तोलले. अर्धा किलो उतरायचं तिथे सव्वा, दीड. आता बीनीला काटा दिसत होता, तरी सवयीनं मीही वाचत होते, मोठ्यानं. ती लिहायची आणि आम्ही दोघी सह्या करायचो. प्रेंटिसला तिनं वही दाखवली. तो म्हणाला, "पण त्यांचं वजन एरवीही उतरतंच ना? तुम्हीच सांगितलंत."

पिलं एक एक करून पाण्यात गेली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात डबकी रिकामी झाली. एरवी तेव्हा निम्मी तरी पिलं झोपलेली असतात. मग नाताळ आला. एर्लेंडनं हंस कापला, डेवीचा फोन आला, मार्चमध्ये येतो म्हणाला. बीनी ताटावरून उठून पश्चिमेच्या वाळूवर गेली आणि अंधार पडायच्या आत दोन मेलेली पिलं घेऊन आली.

जानेवारीच्या मध्यापर्यंत सतरा झाली. आधीच्या वर्षांत तीन, फार तर चार. मेलेल्यांनाही तिनं तोललं. मी खांदा दिला. झोळी आता हलकी लागायची, कातडी पुन्हा ढगळ, मोठ्या कोटासारखी. शेवटचं तेवीस नंबरचं होतं. नोव्हेंबरात ते सगळ्यांत जड होतं, आई गेली त्या दिवशी एक्कावन्न किलो, त्याला उचलताना आम्ही दोघी गवतात बसलो होतो हसत. बीनीनं ते स्वतः वाळूवरून उचलून झोळीत ठेवलं. काटा दोघींनी पाहिला. तिनं आकडा लिहिला, वही माझ्याकडे दिली, मी सही केली.

तिनं वन्यजीवांच्या खात्याला पत्र लिहिलं. आयुष्यात पहिलंच. उत्तर आलं, साहेब येईल. खात्यानं ठरवलं तर धक्का थांबणार होता, निदान तिथून हलणार होता, आणि स्कार्वाला यापुढे कागदावर संरक्षण मिळणार होतं. आमच्यातला शब्द मोडला होता, तेव्हा आता कागदच हवा, असं बीनी म्हणाली. हे म्हणताना तिला किती कष्ट पडले ते मला दिसत होतं. एर्लेंड मला त्या रात्री एवढंच म्हणाला, "धक्का गेला तर डेवीही गेला." आणि कूस बदलून झोपला. दिव्याचं बटण बंद करायचंही माझ्यावर ठेवून.

साहेब जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी आला. तरुण, थकलेला, बोटीनं हैराण झालेला. वाईट माणूस नव्हता. बीनीनं त्याला आधी खायला घातलं, मग प्रेंटिसनं परत केलेल्या दोन धरून सगळ्या वह्या टेबलावर रचल्या. तो तासभर पानं उलटत बसला. त्याचा चेहरा बदलताना मी पाहिला. "बाई, असं काम आमच्याकडेसुद्धा नाही," तो म्हणाला. बीनी टोपीशी चाळा करत राहिली.

मग त्यानं वर पाहिलं. "चष्मा नवा दिसतोय."

"नोव्हेंबरात केला. त्याआधी दोन वर्षं मला काटा नीट दिसत नव्हता." ती कधी काही लपवायची नाही.

"मग त्या दोन वर्षांचे आकडे?" त्यानं बोट ठेवलं. "कारण आमच्याकडे तुलना अलीकडच्या दोन वर्षांशीच धरतात. एरवी अर्धा किलो आणि यंदा दीड, हे मला सिद्ध करायचं तर एरवीचं कोणी वाचलं ते कळायला हवं."

"आयसानं," बीनी म्हणाली, एकदम मोकळी होऊन. "विचारा तिला. प्रत्येक पानावर तिची सही आहे. दोघींनी पाहिल्याशिवाय मी लिहितच नाही."

साहेब माझ्याकडे वळला. "तुम्ही स्वतः काटा वाचायचात?"

एर्लेंड दाराशी उभा होता. त्यानं मान वर केली नाही. मला डेवीच्या बुटांचा आवाज ऐकू येत होता, जिन्यावरून, लहानपणचा.

"मी वल्हं धरायचे," मी म्हणाले. "आकड्याचं मला नाही सांगता येणार."

"पण सही?"

"ती म्हणायची कर, मी करायचे."

"कुठल्या वर्षांत?"

"सगळ्याच," मी म्हणाले.

मी दोन वर्षांबद्दल खोटं बोलायला उठले होते, आणि बावीस वर्षं जाळून बसले. साहेबानं हातातली वही हळूच मिटली. बीनीकडे न बघता तो काहीतरी बोलला, की काम फार मोलाचं आहे, पण दुसरा साक्षीदार नसेल तर कंपनीचे वकील, वगैरे. बीनीनं ऐकून घेतलं. मला खोटं पाडायला तिनं तोंड उघडलं नाही. साहेबाला कोट घालायला मदत केली, प्रवासासाठी भाकरी बांधून दिली. एर्लेंड त्याला धक्क्यापर्यंत सोडायला गेला.

आम्ही दोघीच उरलो. तिनं वह्या वर्षांप्रमाणे लावल्या, सुतळीनं बांधल्या. गाठ मारताना, माझ्याकडे पाठ करूनच, तिनं विचारलं, "तेवीस नंबर. शेवटी किती भरलं?"

"साडेएकोणीस," मी म्हणाले.

तोंडातून निघूनच गेला तो आकडा, विचार न करता, रोज वाचायचे तसा.

"हं," बीनी म्हणाली. तिनं गाठ घट्ट केली, कोंबड्यांच्या दाण्याची बादली उचलली आणि बाहेर गेली. तिचं आणि माझं त्यानंतर नऊ वर्षं एकाच टेबलावर जेवण झालं, मीठ दे, दार लाव, पाऊस आहे, एवढंच बोलणं झालं. पण त्या दुपारी अजून वेळ होता. खिडकीतून दिसत होतं, साहेबाची बोट धक्क्यालाच होती, दोर सोडला नव्हता. चालत दहा मिनिटं. मी कपबशा गोळा केल्या आणि विसळायला घेतल्या.